गेमिंग लॅपटॉपची उष्णता येते कुठून आणि अडते कुठे

मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात किंवा नागपुरात एखादा जड खेळ सुरू केला की पहिली दहा मिनिटे सगळे सुरळीत चालते. मग पंख्यांचा आवाज चढतो, कळफलकाच्या वरची पट्टी बोटांना चटका देऊ लागते आणि तोपर्यंत सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे चित्रे, दाखवणारा खेळ ४० वर येऊन अडखळू लागतो. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा कूलिंग पॅड मागवतात, किंवा लॅपटॉप दुकानात नेऊन चिपवरची थर्मल पेस्ट बदलून आणतात. यांतला कोणताही उपाय मुळात चुकीचा नाही. पण लागू पडला तर पडला, अशा हिशेबाने तो केला जातो. ‘लॅपटॉप तापतो’ ही एक तक्रार नसून निदान चार वेगवेगळ्या परिस्थितींचे ते सामाईक नाव आहे, हे त्यात लक्षात घेतले जात नाही. चिप गरजेपेक्षा जास्त वीज खात असेल, चिपवरची उष्णता तांब्याच्या नळीपर्यंत नीट पोचत नसेल, नळीतून पुढे गेलेली उष्णता पंख्यापाशी अडत असेल, किंवा यंत्रात काहीच बिघडलेले नसून खोलीचीच भट्टी झालेली असेल. या चारांचे उपाय वेगळे आहेत, आणि नेमके कुठे अडले आहे हे एक रुपयाही खर्च न करता घरी बऱ्याच अंशी शोधता येते. त्यासाठी उष्णतेचा चिपपासून खोलीतल्या हवेपर्यंतचा प्रवास तेवढा समजून घ्यावा लागतो.

अडीच सेंटिमीटरच्या डब्यातली शेगडी

लॅपटॉपला चार्जरमधून जेवढी वीज मिळते ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेत बदलते. गणिते करण्यात वीज ‘कामी आली’ असे आपण म्हणतो, पण ट्रान्झिस्टरमधून गेलेल्या विजेचे शेवटचे रूप उष्णताच असते. पडद्याचा प्रकाश आणि स्पीकरचा आवाज हे काय ते किरकोळ अपवाद. गेमिंग लॅपटॉपसोबत १८० ते ३३० वॅटचा, विटेएवढा चार्जर मिळतो तो उगाच नव्हे. या वर्गातल्या लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, अनेकदा कागदोपत्री ४५ वॅटचा असतो, पण भार पडताच थोडा वेळ १०० वॅटच्याही वर जाऊ शकतो. खेळातले चित्र तयार करणारा ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, मध्यम दर्जाच्या लॅपटॉपातही १०० वॅटच्या घरात वीज घेतो. दोघे मिळून खेळाच्या भरात १५० वॅट सहज होतात. पूर्वी घरोघरी असणारे ६० वॅटचे पिवळे दिवे आठवत असतील, तर असे अडीच दिवे अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यात कोंडून ठेवले आहेत असे समजावे.

एकूण वॅटपेक्षाही अवघड प्रश्न आहे तो उष्णतेच्या दाटीचा. विजेच्या शेगडीची १८ सेंटिमीटर व्यासाची तबकडी १५०० वॅट घेत असेल, तर तिच्या दर चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ६ वॅट उष्णता बाहेर पडते. सीपीयूचा सिलिकॉनचा तुकडा जेमतेम दोन चौरस सेंटिमीटरचा असतो आणि त्यातून ९० वॅट बाहेर काढायचे असतील, तर हेच प्रमाण ४५ वर जाते, म्हणजे शेगडीच्या सातपटींहून अधिक. शेगडीवर पातेले नसेल तर ती लालबुंद होते आणि तसे होण्यात तिचे काही बिघडत नाही. चिपला मात्र एवढी उष्णता सोडत असतानाही १०० अंश सेल्सिअसच्या आत राहायचे असते. नुसते ब्राउझर उघडताच सीपीयूचे तापमान ५० वरून ८० अंशांवर उडी मारते आणि दोन सेकंदांत परत खाली येते, त्याचेही कारण हेच आहे. तुकडा लहान, उष्णता दाट आणि ती साठवून घ्यायला वस्तुमान जवळजवळ नाही, त्यामुळे आकडा क्षणात वर जातो. हे पाहून घाबरण्याचे कारण नाही.

ही उष्णता शेवटी हवेलाच वाहून न्यावी लागते, आणि हवा या कामी फार दुबळी आहे. १५० वॅट बाहेर काढताना हवेचे तापमान २५ अंशांनी वाढेल असे धरले, तर लॅपटॉपमधून दर सेकंदाला सुमारे ५ लिटर हवा वाहायला हवी. पंधरा लिटरची एक बादली दर तीन सेकंदांनी भरून ओतावी, तशी ही हवा तळाच्या जाळीतून आत घेऊन मागच्या किंवा बाजूच्या फटींतून बाहेर फेकली जाते. गेमिंग लॅपटॉपचे पंखे एवढे ओरडतात कशासाठी, याचे उत्तर या आकड्यात आहे.

भाताच्या पातेल्यावरचे झाकण

चिप आणि पंखा यांच्यामध्ये जो चपटा, तांबूस पट्ट्यांचा सांगाडा दिसतो, तो भरीव तांब्याचा नसतो. त्या पट्ट्या म्हणजे आतून पोकळ नळ्या असतात, ज्यांना हीट पाइप म्हणतात. प्रत्येक नळीतली हवा काढून टाकून तिच्यात अगदी थोडे पाणी सोडलेले असते, आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या बारीक भुकटीचे किंवा जाळीचे अस्तर असते. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी १०० अंशांची वाट न पाहता कितीतरी कमी तापमानालाच उकळते. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ नळीच्या गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन आपल्याजवळची उष्णता सोडून देते, आणि ते पाणी अस्तरातून, वातीत तेल चढावे तसे, परत चिपकडे येते. भात शिजत असताना पातेल्यावरचे झाकण पाहिले तर हाच व्यवहार दिसतो: आग तळाशी आहे, पण चटका झाकणाला बसतो, कारण वाफेने उष्णता तिथवर नेलेली असते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी करून दाखवली, आणि पुढे ती कृत्रिम उपग्रहांतही वापरली गेली. महागड्या लॅपटॉपांत नळ्यांऐवजी याच तत्त्वावरची रुंद चपटी पेटी असते, तिला व्हेपर चेंबर म्हणतात.

नळीचे गार टोक तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांच्या जुडग्यात बसवलेले असते, आणि पंखा त्या पापुद्र्यांमधून हवा फुंकतो. ही झाली वाटेची शेवटची पायरी. पहिली पायरी मात्र, म्हणजे चिपचा पृष्ठभाग आणि तांबे जिथे एकमेकांना टेकतात ती जागा, सगळ्यांत नाजूक असते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात, आणि मधल्या खाचांत हवा अडकते. तांबे हवेच्या जवळजवळ पंधरा हजारपट चांगला उष्णतावाहक आहे, त्यामुळे एवढीशी अडकलेली हवादेखील वाट रोखून धरते. थर्मल पेस्टचे काम त्या खाचा भरण्यापुरतेच असते. ती हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांब्यापेक्षा कितीतरी पटींनी वाईट असते. म्हणून पेस्ट जितकी पुरेशी पण पातळ, तितके चांगले, आणि लोण्यासारखी थापलेली पेस्ट फायद्याची नसते.

आता या सगळ्या प्रवासातला सर्वांत दुर्लक्षित नियम. उष्णता वाहते ती तापमानाच्या फरकामुळे. चिप विशिष्ट वॅट खर्च करत असेल आणि पंखे ठरावीक वेगाने फिरत असतील, तर चिप खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच गरम राहते. समजा २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत एका लॅपटॉपचा सीपीयू ८५ अंशांवर स्थिरावतो. फरक ६० अंशांचा आहे. तोच लॅपटॉप ४० अंशांच्या खोलीत तोच खेळ खेळवू लागला तर हिशेबाने १०० अंश होतात, आणि १०० ही अनेक चिपची शेवटची मर्यादा आहे. यांतले ६० अंश लॅपटॉपचे आहेत. २५ की ४०, हे तुमच्या गावाचे आणि खोलीचे आहे. परीक्षणांतले आकडे बहुधा गार खोलीत घेतलेले असतात, आणि बहुतेक कंपन्या आपल्या माहितीपत्रकात यंत्र वापरण्यासाठी ३५ अंशांपर्यंतचीच हवा गृहीत धरतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वरच्या मजल्यावरच्या, पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या खोल्या दुपारी ३५ च्या वर सहज असतात. अशा खोलीत धडधाकट लॅपटॉपही धापा टाकतो, आणि त्याची पेस्ट बदलून हाती फारसे काही लागत नाही.

मर्यादा गाठली की चिप जळत नाही. ती आपला वेग आपणच कमी करते, कमी वीज घेते आणि तापमान सांभाळते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपसाठी ही मर्यादा १०० अंश, एएमडीच्या चिपसाठी ९५ ते १०५ अंश असते, तर एनव्हिडियाच्या लॅपटॉप जीपीयूंसाठी ती बहुधा ८७ अंशांच्या आसपास ठेवलेली दिसते. खेळताना सीपीयू ८५ ते ९५ अंशांवर असणे हे पातळ गेमिंग लॅपटॉपमध्ये सर्वसाधारण आहे. माझ्या मते नुसता तापमानाचा आकडा पाहून काळजी करण्यापेक्षा, वेग घटतो आहे का, हा प्रश्न विचारावा. ९४ अंशांवर दोन तास एकसारखा चालणारा लॅपटॉप ठीक आहे. ८८ अंशांवर दर मिनिटाला अडखळणाऱ्याकडे लक्ष द्यायला हवे.

आधी मोजावे

एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम सीपीयू आणि जीपीयूचे तापमान, त्यांनी घेतलेले वॅट, चालू वेग आणि थ्रॉटलिंग झाले की नाही, हे सगळे एकत्र दाखवतो. नेहमीचा एक खेळ, त्यातले एकच ठिकाण आणि वीस मिनिटे, एवढी शिस्त पाळून नोंद करावी, आणि सोबत भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरने खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. ही शेवटची नोंद कोणी करत नाही, आणि मग जानेवारीतले आकडे मे महिन्यातल्या आकड्यांशी ताडून ‘लॅपटॉप खराब झाला’ असा निष्कर्ष काढला जातो.

आकडे हाती आल्यावर वॅट आणि तापमान यांची जोडी पाहावी. वॅट भरपूर आणि तापमानही भरपूर असेल, तर उष्णतेची वाट ठीक आहे, उत्पादनच जास्त आहे. वॅट कमी असूनही तापमान मर्यादेला टेकले असेल, म्हणजे पूर्वी ८० वॅटवर जे तापमान होते ते आता ४५ वॅटवरच दिसत असेल, तर वाटेत कुठेतरी नक्की अडले आहे. मग तापमान कसे चढते ते बघावे. जड भार टाकताच दोन-चार सेकंदांत १०० अंश गाठले आणि भार काढताच तितक्याच झटकन ते उतरले, तर चिप आणि तांबे यांच्यामधला सांधा संशयास्पद आहे, कारण पुढची नळी आणि पापुद्रे अजून गारच आहेत. एकाच चिपच्या दोन गाभ्यांमध्ये (कोअर, म्हणजे गणिते करणारे स्वतंत्र विभाग) सतत १५ ते २० अंशांचा फरक दिसत असेल, तर पेस्ट एका बाजूने निघून गेली असावी किंवा तांबे तिरके बसले असावे. याउलट तापमान दहा-पंधरा मिनिटे हळूहळू वर सरकत राहिले आणि खेळ बंद केल्यावरही उतरायला वेळ लागला, तर सांधा बरा आहे आणि हवा अडते आहे. मागच्या फटींपाशी हात धरून पाहिले तर तिथून येणारी हवा मंद आणि अतिशय गरम लागते.

एक फसवी शक्यताही लक्षात ठेवावी. तापमान ७० अंशांवर असताना फ्रेम पडत असतील तर तो उष्णतेचा प्रश्नच नाही. चार्जर कमी क्षमतेचा असणे, प्लग सैल असल्याने लॅपटॉप बॅटरीवर चालणे, किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ‘सायलेंट’ मोड निवडलेला राहणे, अशी कारणे त्यामागे असतात, आणि त्यांच्यापायी लोकांनी विनाकारण लॅपटॉप उघडलेले मी पाहिले आहेत.

कमी उष्णता निर्माण करणे

वाट रुंद करण्याच्या खटपटीआधी वाटेवरची वर्दळ कमी करता येते का ते पाहावे. हा उपाय फुकट आहे, उलटवता येतो आणि सहसा सर्वांत मोठा फरक त्यानेच पडतो. पहिली गोष्ट म्हणजे फ्रेमची मर्यादा. मर्यादा नसेल तर जीपीयू जमतील तितक्या फ्रेम काढत सुटतो. ज्या मेनूच्या पडद्यावर काहीच घडत नाही तिथेही तो सेकंदाला शेकडो फ्रेम काढत असतो आणि पंखे खेळापेक्षा मेनूतच जास्त ओरडतात. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ हा पर्याय आहे, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही तशीच सोय आहे, आणि बऱ्याच खेळांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही ती असते. गोष्टीच्या अंगाने जाणाऱ्या खेळासाठी ६० फ्रेम पुरतात. नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळात ते पटणार नाही हे मला मान्य आहे. तिथे पडद्याच्या क्षमतेइतकी, म्हणजे १४४ वगैरे, मर्यादा घालावी.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. चिप जी वीज खाते ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी केले तर ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे वेग तोच ठेवून खर्च सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. वेगही १० टक्क्यांनी उतरवला तर एकूण खर्च २७ टक्क्यांनी घटतो. उलट बाजूने पाहिले तर शेवटच्या थोड्या वेगासाठी चिप किती उधळपट्टी करते हेही या हिशेबावरून कळते, कारण वरच्या वेगाला वरचे व्होल्टेज लागते. कारखान्यातून निघालेल्या सगळ्या चिप सारख्या नसतात, त्यामुळे कंपनी सर्वांत कमकुवत चिपलाही पुरेल असे सढळ व्होल्टेज ठेवते. ते आपल्या चिपपुरते थोडे उतरवणे म्हणजे अंडरव्होल्टिंग. जीपीयूसाठी ते एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून करता येते. त्यातला व्होल्टेज आणि वेगाचा आलेख एका बिंदूच्या पुढे सपाट करायचा असतो. थोडेथोडे उतरवत जावे आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास खेळून पाहावे. फार उतरवले तर खेळ बंद पडतो किंवा यंत्र पुन्हा सुरू होते, पण सेटिंग परत घेतले की सगळे पूर्ववत होते. व्होल्टेज कमी केल्याने चिपला इजा होत नाही.

इंटेलच्या सीपीयूबाबत थोडी निराशा पदरी येऊ शकते. २०१९ साली संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी जाहीर केली, जिच्यात व्होल्टेज मुद्दाम खाली नेऊन प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गणिते चुकवता येत होती. त्यावरचा उपाय म्हणून बायॉसच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, अद्ययावत आवृत्त्यांमधून व्होल्टेज बदलण्याची वाटच अनेक लॅपटॉपांत बंद करण्यात आली. सीपीयूची सेटिंग बदलणारा थ्रॉटलस्टॉप हा प्रोग्रॅम उघडल्यावर व्होल्टेजचे खाने कुलूपबंद दिसले तर त्यामागे बहुधा हा इतिहास असतो. पण त्याच प्रोग्रॅममधून किंवा कंपनीच्या ॲपमधून सीपीयूची वॅटची मर्यादा बऱ्याचदा कमी करता येते, आणि ते अधिक सरळ आहे. खेळताना खरा भार जीपीयूवर असतो, सीपीयूला ९० ऐवजी ४५ वॅट दिले तरी बऱ्याच खेळांत फ्रेमचा फरक नजरेत भरत नाही, आणि दोघांच्या नळ्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे सीपीयूने सोडलेली जागा जीपीयूला मिळते. याहून सोपी युक्ती विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये आहे: ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के केले की बऱ्याच लॅपटॉपांवर सीपीयूचा टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा वरचा तात्पुरता, वेग बंद होतो आणि तापमान लगेच बरेच उतरते. हा कुऱ्हाडीचा घाव आहे, शस्त्रक्रिया नव्हे. ज्या खेळांना सीपीयूचा वेग लागतो तिथे तो जाणवेल. तरीही मे महिन्याच्या दुपारपुरता तो मला व्यवहार्य वाटतो.

हवेची वाट

गादीवर किंवा दुलईवर लॅपटॉप ठेवून खेळणे म्हणजे त्याच्या नाकावर उशी दाबणे आहे, कारण हवा तळातून आत येते. कडक पृष्ठभागावर ठेवून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तर तळाच्या जाळीला श्वास मिळतो. त्यासाठी दोन जाड पुस्तकांच्या कडा पुरतात. मागे भिंत अगदी जवळ असेल तर बाहेर फेकलेली गरम हवा वळून पुन्हा आत ओढली जाते, म्हणून मागे वीतभर जागा मोकळी असावी. साधे कूलिंग पॅड याहून फार जास्त काही करत नाहीत. त्यांच्या पंख्यांची हवा जाळीपाशी नेमकी पोचतेच असे नाही आणि फरक बहुधा मोजक्या अंशांचा राहतो. कडेला स्पंज लावून तळाशी हवाबंद बसणारे, जोरदार फुंकणारे पॅड अधिक परिणामकारक असतात, पण त्यांचा आवाज घरातल्यांना सहन होईल का, हा वेगळा विषय आहे.

छताच्या पंख्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. पंख्याखाली आपल्याला गार वाटते ते घाम सुकतो म्हणून. पंखा खोलीतली हवा थंड करत नाही, आणि लॅपटॉपला घाम येत नाही. वाळ्याचा किंवा गवताचा कूलर मात्र कोरड्या हवेत खोलीचे तापमान खरोखर खाली आणतो आणि खोली जितकी उतरते साधारण तितकाच लॅपटॉपही उतरतो. फक्त कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नये, कारण झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. मुंबईत आणि कोकणात हवा आधीच दमट असल्यामुळे कूलरचा उपयोग होत नाही; तिथे वातानुकूलन किंवा रात्रीची वेळ हेच दोन पर्याय उरतात.

धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते, पण खरे नुकसान ती दुसरीकडे करते. पंखा आणि पापुद्रे यांच्यामध्ये, आतल्या बाजूला, कापसाचे तंतू, केस आणि उदबत्तीच्या काजळीने चिकट झालेली धूळ मिळून नमद्यासारखी एक पट्टी तयार होते आणि ती हवा जवळजवळ पूर्ण अडवते. बाहेरून जाळीतून पाहिले तर सगळे स्वच्छ वाटते; पंखा काढल्यावरच ती पट्टी नजरेस पडते. बाहेरून ब्लोअर मारल्याने कधीकधी ती सुटते, कधीकधी उलट आत ढकलली जाते. स्वतः साफ करणार असाल तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तळाचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि हवा मारताना पंख्याचे पाते एखाद्या काडीने धरून ठेवावे, म्हणजे तो भलत्या वेगाने गरगर फिरून खराब होणार नाही. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. आमच्यासारख्या कापूस पिंजणाऱ्या आणि मातीचे रस्ते असलेल्या भागांत वर्षातून दोनदा साफसफाई करणे जास्त होत नाही.

पेस्टचा क्रमांक यानंतरचा. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपच्या प्रोसेसरसारखे धातूचे झाकण नसते, सिलिकॉन थेट तांब्याला भिडलेले असते; तापणे आणि निवणे यांच्या आवर्तनांत दोन्ही सूक्ष्मपणे हलतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. त्यामुळे लॅपटॉपसाठी घट्ट पेस्ट किंवा हनीवेलच्या पीटीएम ७९५० सारखी, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन खाचांत बसणारी पातळ पट्टी अधिक टिकाऊ ठरते. काही लॅपटॉपांत पेस्टऐवजी कारखान्यातूनच द्रवधातू भरलेला असतो. त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरते आणि द्रवधातूचा थेंब मदरबोर्डवर पडला तर शॉर्टसर्किट होते, म्हणून तसा लॅपटॉप घरी उघडू नये. काम दुकानात करून घेताना सांध्याचे स्क्रू कसे आवळले जातात याकडे लक्ष ठेवावे. तांब्याच्या पट्टीवर बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात आणि त्या क्रमाने, थोडेथोडे, समोरासमोरचे स्क्रू आवळायचे असतात. माझा लॅपटॉप एका दुकानातून नवी पेस्ट लावून आणला तेव्हा सीपीयू आधीपेक्षा ८ अंशांनी जास्त तापू लागला होता. कारण एका कोपऱ्यातला स्क्रू आधी पूर्ण आवळल्याने पट्टी तिरकी बसली होती. आधीचे आकडे लिहून ठेवलेले नसते तर ते मला कळलेही नसते.

जे करू नये

लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणे, तळाशी बर्फाची पिशवी लावणे, ओला पंचा अंथरणे, हे सगळे प्रयोग लोक करतात. गार झालेला लॅपटॉप दमट हवेत आणला की त्याच्या आतल्या धातूवर, थंड पाण्याच्या तांब्यावर जमतात तसेच, पाण्याचे थेंब जमतात, आणि मग गेम अडखळण्याचा प्रश्न उरत नाही, लॅपटॉपच उरत नाही. मांडीवर ठेवून तासन्‌तास खेळणेही टाळावे. २०१० साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध झाली होती, ज्याच्या मांडीवर अनेक महिने लॅपटॉप ठेवून खेळल्यामुळे जाळीदार तपकिरी डाग उमटले होते. त्वचा भाजत नाही इतक्याच, पण रोजच्या उष्णतेने तसे होते.

उष्णतेचा सर्वांत वाईट परिणाम मात्र चिपवर होत नाही, तो बॅटरीवर होतो. चिप ९० अंशांसाठी घडवलेली असते. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत ४० ते ४५ अंशांवर रोज काही तास राहिली तरी झपाट्याने म्हातारी होते. गेमिंग लॅपटॉप बहुधा प्लगला लावूनच वापरला जातो, म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. आणि टचपॅड वर उचलला गेलेला, दाबायला कडक झालेला, किंवा तळाचे झाकण मेजावर डुगडुगताना दिसले, तर वरचा एकही उपाय करत बसू नये. बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर काढावा, बॅटरीला टोचू, दाबू किंवा वाकवू नये, ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.